आमचा नऊ महिन्यांचा बँड



ढोल, ताशा, संबळ, हलगी ही वाद्ये तुम्हां सर्वांच्या ओळखीची आहेत. आज आपण ड्रमविषयी बोलू. ड्रम हे एक वाद्य नव्हे, तो वाद्यांचा संसारच आहे. एक मोठा ढोल जमिनीवर आडवा ठेवलेला असतो. त्याला पायाची कळ असते. कळ दाबली की एक दांडा ढोलावर आपटतो. गुडघ्यांपुढे एक चपटा ढोल. त्याच्या खालच्या अंगाला तारा लावलेल्या असतात, म्हणून तो कडकड बोलतो. बाजूला लहान ढोल, डाव्या पायाखाली झांजांची जोडी, आणि काठीवर एक मोठी झांज. हे सगळे एकटा माणूस वाजवतो.

पूर्वी अमेरिकेत ढोलाला एक गडी, ताशाला दुसरा, झांजेला तिसरा असे लागत. मग पायाची कळ निघाली. शिकागो शहरातल्या लुडविग नावाच्या वादकाने १९०९ साली चांगली चालणारी कळ बनवून विकायला काढली. तिघांचे काम एकावर आले. दोघांची मजुरी वाचली. दोघांची मजुरी बुडाली असेही म्हणता येईल!

आता बोटांवर एक, दोन, तीन, चार मोजा. एक आणि तीनला उजवा पाय आपटा. दोन आणि चारला डाव्या हाताने मांडीवर जोरात मारा. झाला रॉकचा ठेका. १९५० नंतर हे संगीत अमेरिकेतून जगभर गेले. इंग्लंडात बीटल्स नावाचा चौघांचा बँड होता. त्यांचा ड्रमवाला रिंगो स्टार गरीब घरातला. पोरवयात क्षयाने इस्पितळात पडून होता, तिथल्या मुलांच्या बँडमध्ये त्याला वाजवण्याचा नाद लागला. १९६८ साली हे चौघे हृषीकेशला आले होते. रिंगोचे पोट नाजूक. त्याने शिजवलेल्या घेवड्याचे डबे घरून बरोबर आणले, आणि थोड्याच दिवसांत तो परत गेला. एवढा मोठा बँड, तोही १९७० साली मोडला. मग आमचा मोडला यात नवल ते काय?

आमचे घर बेलापुरात वेशीबाहेर. आम्ही मातंग समाजाचे. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते गावात हलगी वाजवत. लग्न असो, जत्रा असो, मयत असो, बोलावले की जायचे. मिळेल ते धान्य पदरात घ्यायचे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने गेली. पण कायदा कागदावर बदलतो, माणसाची जीभ तितक्या लवकर बदलत नाही.

१९७६ साली आम्ही मॅट्रिक झालो. त्याआधी श्रीरामपूरला 'यादों की बारात' सिनेमा पाहिला होता. त्यात पोरे गिटार घेऊन गातात. तेच वेड डोक्यात बसले. आम्ही पाचजण जमलो. हरेगावच्या साखर कारखान्यातला एक फिटर गिटार वाजवी. रेडिओ दुरुस्त करणारा एकजण बँजोवर. भोंगेही त्यानेच जोडले. दोघे गाणारे. ड्रम आमच्याकडे आला, कारण हात हलगीवर तयार झालेला होता.

ड्रम लग्नाच्या बँडवाल्याकडून जुना घेतला. त्याला पायाची कळच नव्हती. फिटरने सायकलची स्प्रिंग आणि लोखंडी पट्टी लावून ती बनवली. हात पटकन शिकले, पाय शिकेनात. महिनाभर आम्ही पाटावर पाय आपटत बसत असू. आई म्हणायची, "त्यापरीस जातं तरी फिरव, पीठ तरी निघंल."

पहिला कार्यक्रम गणपतीत झाला. पाऊस झिमझिम पडत होता. ओल धरली की कातडे सैल पडते, आणि जुना ड्रम कातड्याचाच. आवाज भदभद येऊ लागला. दादा मागे उभे होते. त्यांनी पाचट पेटवले आणि हलगी शेकतात तसा ड्रम चहूबाजूंनी शेकला. बोटाने टिचकी मारून पाहिली. म्हणाले, "आता बोलंल बघ." आणि बोलला! पुढे प्लास्टिकची पडदी आली. तिला शेकावे लागत नाही.

अकरा कार्यक्रम केले. शेवटचा १९७७ च्या वैशाखात, प्रवरेपलीकडच्या एका गावी लग्नात. बोली अडीचशेची, पन्नास बयाणा मिळालेला. आम्ही ड्रम मांडत होतो. घरमालक जवळ आले, तोंडाकडे पाहत राहिले.

"ए पोरा, तू बेलापूरच्या हलगीवाल्याचा ना रे?"

"होय मालक."

"मग आधी हलगी घे अन् वरातीपुढं चल. तुमचं ते इंग्रजी मागून बघू."

आम्ही म्हणालो, "मालक, बोली ड्रमची झालीय. हलगीची नाही."

हलगी वाजवण्यात कमीपणा नाही. दादांइतका पक्का ठेका आम्हांला आजही जमत नाही. पण ती कोणाच्या हुकमाने वाजवायची, हा प्रश्न होता. मालकांचा आवाज चढला. चार माणसे जमली. एक गाणारा आमच्या कानात म्हणाला, "वाजव की घटकाभर, पैसे तर मिळतील." फिटरने मात्र एक शब्द न बोलता गिटारची पिशवी बांधली आणि तो टेम्पोत जाऊन बसला. मग बाकीचेही उठले. उरलेले दोनशे रुपये मिळाले नाहीत. बयाणाही त्यांनी परत मागून घेतला.

टेम्पोचे साठ रुपये अंगावर आले. त्या गावाने चार गावांत सांगितले, पुढची दोन बोलावणी मोडली. दोन्ही गाणाऱ्यांच्या घरून मनाई झाली. आषाढात ड्रम विकला. दीडशे रुपये आले. साठ टेम्पोवाल्याला दिले, नव्वद पाचजणांत वाटले. आमच्या वाट्याला अठरा रुपये आले. त्यातून मास्तरकीच्या शिक्षणासाठी अर्ज भरला, आणि उरलेल्यांत दादांच्या हलगीला नवे कातडे घातले. फिटरने ती पायाची कळ मात्र विकू दिली नाही.