परदेशी जाणाऱ्या मुलाचा अर्ज कोणी लिहावा?



भुसावळच्या माणसाला प्रवास म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. मुंबईहून कलकत्त्याला जाणारा लोहमार्ग १८७० साली सलग झाला, तो या गावावरूनच. आणि कोणती गाडी कोठे बदलावी हे इथल्या पाचवीतल्या मुलालाही कळते. परंतु अलीकडे आपल्या घरांतून असा एक प्रवास सुरू झाला आहे की ज्याचे तिकीट आपल्या स्टेशनच्या खिडकीवर मिळत नाही. रेल्वेच्या वसाहतीतला मुलगा जर्मनीला इंजिनिअरिंग शिकायला निघतो. रावेर-यावलकडच्या केळीच्या मळ्यातली मुलगी रशियात डॉक्टरकी शिकायचे म्हणते. जून २०२४ मध्ये रशियातल्या वेलीकी नोवगोरोद येथे वोल्खोव नदीत चार भारतीय विद्यार्थी बुडून मरण पावले. त्यांत आपल्या जळगाव जिल्ह्यातली मुले होती. तो अपघात होता. पण परदेशी शिक्षण ही आता पुण्यामुंबईच्या बंगल्यांतली गोष्ट राहिली नसून ती तापीकाठी येऊन पोहोचली आहे, हे त्या दुःखद बातमीवरून कोणाच्याही ध्यानात यावे.

मुलांनी परदेशी जावे की जाऊ नये, हा आजचा विषय नव्हे. त्यावर आपण मध्यरात्रीपर्यंत वाद घालू शकू आणि सकाळी मूल आपले जायचे तेथे जाईल. माझा प्रश्न लहान आहे. जायचे ठरल्यावर जो अर्ज करावा लागतो, तो कोणी लिहावा? प्रश्न लहान असला तरी त्याच्यावर पुष्कळ घरांची शेतीवाडी टांगलेली आहे.

प्रथम पासपोर्ट आणि व्हिसा यांतला फरक समजून घेऊ. पासपोर्ट आपले सरकार देते. हिंदुस्थानात पासपोर्टचा कायदा झाला तो १९२० साली. पुढे १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, परदेशी जाणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, तो सरकारच्या लहरीवर ठेवता येणार नाही. आणि त्याच वर्षी नवा कायदा झाला. तेव्हा पासपोर्ट मागताना आपण हक्काने मागतो. व्हिसाचे तसे नाही. व्हिसा म्हणजे दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकण्याची परवानगी. ती देणे न देणे घरधन्याच्या हाती. आणि कोणताही घरधनी अनोळखी पाहुण्याला जे तीन प्रश्न विचारील, तेच हा परकी अधिकारी विचारतो. तू कशासाठी आलास? तुझा खर्च कोण करणार? आणि काम झाल्यावर परत जाणार ना?

हे प्रश्न व्हिसाच्या आधीपासूनचे आहेत. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा हा १९२० चा कायदा जन्माला यायचा होता. पण प्रश्न चुकले नाहीत. ते आपल्याच समाजाने विचारले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या, कॉलेजात सभा भरली आणि अठरावे वर्षही पुरे न झालेली ही मुलगी इंग्रजीत भाषणाला उभी राहिली. अमेरिकेलाच का? येथे शिकण्याची सोय नाही काय? एकटी का? जात वाळीत टाकील त्याचे काय? एकेक प्रश्न घेऊन तिने त्याचे उत्तर दिले, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे सांगितले.

या हकीकतीतला एक भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. अमेरिकेला पहिले पत्र लिहिले होते ते गोपाळरावांनी, म्हणजे त्यांच्या पतीने. १८८० साली त्यांनी वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याकडे मदत मागितली. उत्तरात धर्मांतराची सूचना आली. तो पत्रव्यवहार मिशनच्या मासिकात छापला गेला, तो न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला आणि त्यातून स्नेह जुळला, हे खरे. पण फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडले ते आनंदीबाईंच्या स्वतःच्या अर्जाने. आपल्या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरला हात लावू देण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून मला डॉक्टर व्हायचे आहे, असा त्या अर्जाचा आशय होता. हे वाक्य त्यांच्याऐवजी दुसऱ्या कोणाला लिहिता आले नसते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली.

दुसरा प्रश्न पैशाचा. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. पुढे ते लंडनला गेले. पण १९१७ मध्ये मुदत संपली आणि शिक्षण अर्धे टाकून त्यांना परतावे लागले. मात्र येताना त्यांनी चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, नवल भथेना या मित्राकडून कर्ज काढले, आणि १९२० मध्ये ते परत लंडनला गेले. १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. पैसा कोठून येतो, किती दिवस पुरतो आणि मध्येच संपला तर काय करायचे, याचा हिशेब त्यांच्या स्वतःजवळ होता. आज आपल्यापैकी किती मुलांजवळ तो असतो?

आता हे तीन प्रश्न आजच्या कागदांत कसे दिसतात ते पाहू.

'कशासाठी?' या प्रश्नाचे उत्तर म्हणजे कॉलेजचे प्रवेशपत्र आणि विद्यार्थ्याचे हेतुनिवेदन. अमेरिकेत मान्यताप्राप्त कॉलेज 'आय-ट्वेंटी' नावाचा कागद देते आणि तो घेऊन वकिलातीत मुलाखतीला जावे लागते. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून आपल्या गुणपत्रिकांची आधी छाननी करून घेऊन तसा दाखला जोडावा लागतो. डॉक्टरकीचे प्रकरण याहून नाजूक, कारण तेथे परकी सरकारचा व्हिसा मिळाला म्हणून काम संपत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि इकडे आल्यावर परीक्षा द्यावी लागते ती वेगळी. डिसेंबर २०२३ आणि जून २०२४ या दोन्ही वेळा त्या परीक्षेत बसलेल्यांपैकी सुमारे एक-पंचमांशच उमेदवार उत्तीर्ण झाले. हे आकडे मुलाला घाबरवण्यासाठी मी सांगत नाही. 'तेथे का?' याचे उत्तर 'तेथे फी कमी म्हणून' एवढेच असेल, तर ते किती अपुरे आहे, हे कळावे म्हणून सांगतो.

'खर्च कोण करणार?' याचे उत्तर बँकेच्या खात्यात. कॅनडाने राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम १ जानेवारी २०२४ पासून १०,००० डॉलरवरून २०,६३५ डॉलरवर नेली. जर्मनीत त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून वर्षाचे ११,९०४ युरो एका खास खात्यात अडकवून ठेवावे लागू लागले. त्यातून विद्यार्थ्याला महिन्याला ठरलेला हप्ताच काढता येतो. आता आमच्याकडे एक युक्ती निघाली आहे. शेजाऱ्याकडून, पाहुण्याकडून महिनाभरासाठी रक्कम उसनी घ्यायची, खात्यात दाखवायची, कागद झाला की परत करायची. अधिकारी फसला तरी तिकडचे घरभाडे फसत नाही! तिसऱ्या महिन्यात पोरगे दोन वेळचे जेवण एका वेळेवर आणते आणि घरी फोनवर सांगते, "बाबा, सगळे ठीक आहे." शैक्षणिक कर्ज काढावे, त्यात लाज नाही. पण शिक्षण चालू असेपर्यंत हप्ते सुरू होत नसले तरी व्याज चालूच राहते, हे बापाने आणि मुलाने एकत्र बसून समजून घ्यावे. शिष्यवृत्त्याही आहेत. टाटांचा निधी १८९२ पासूनचा आहे. अनुसूचित जातींच्या व इतर वंचित विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची आहे. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे. त्यांचे अर्ज कष्टाचे असतात, म्हणूनच ते पुष्कळदा भरले जात नाहीत.

'परत जाणार ना?' हा तिसरा प्रश्न. अमेरिकेचा कायदा असे गृहीत धरतो की, येणारा प्रत्येक जण कायमचे राहायलाच आला आहे. तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर. आणि मुलाखत चालते अवघी काही मिनिटे. तेवढ्या वेळात पाठ केलेले उत्तर लगेच उघडे पडते. दुसऱ्याने लिहिलेले हेतुनिवेदन हाती घेऊन उभा राहिलेला मुलगा आपल्याच अर्जातल्या शब्दाचा अर्थ सांगताना अडखळतो. गुण चांगले, पैसे खरे, आणि तरी नकार! मग आपण परक्या देशाला दोष देतो.

अर्ज दुसऱ्याच्या हाती देण्याचा धोका नकारापुरताच असता, तरी एक वेळ चालले असते. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातले ट्राय-व्हॅली नावाचे विद्यापीठ बनावट कारभार करते असे उघडकीस आले आणि तेथे नाव घातलेल्या कित्येक भारतीय मुलांच्या पायांत नजर ठेवणारी यंत्रे बांधण्यात आली. २०१९ मध्ये मिशिगन राज्यातले फार्मिंग्टन विद्यापीठ हे तर सरकारनेच लावलेला सापळा निघाले. शंभरावर भारतीय विद्यार्थ्यांना अटक झाली. २०२३ मध्ये कॅनडात पंजाबच्या बऱ्याच मुलांना, शिक्षण संपवून नोकरीला लागल्यावर, कळले की आपल्याला दलालाने दिलेले मूळ प्रवेशपत्रच खोटे होते. त्यानंतर डिसेंबर २०२३ पासून तेथील सरकार प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजकडून पडताळून घेऊ लागले. यांतली काही मुले जाणूनबुजून वाकड्या वाटेने गेली असतील. पण काहींचा अपराध एवढाच की त्यांनी आपला अर्ज आपण पाहिला नाही. सही मुलाची असते. कायदा सहीला ओळखतो, दलालाला ओळखत नाही.

येथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतो. नकार आला तर आकाश कोसळत नाही. कारण समजून घेऊन पुन्हा अर्ज करता येतो. पण खोटा कागद सापडला तर कॅनडाचे दार पाच वर्षे बंद होते, इंग्लंडचे दहा वर्षे बंद होऊ शकते, आणि अमेरिकेचे जन्मभर. तेव्हा दलाल जेव्हा म्हणतो, "काका, तुम्ही फक्त सही करा, बाकी आम्ही बघतो," तेव्हा काकांनी खुर्चीवरून उठावे. सगळेच मध्यस्थ लबाड असतात असे माझे म्हणणे नाही. तारखा सांगणे, फॉर्म कोठला ते दाखवणे, ही कामे ते प्रामाणिकपणे करू शकतात. परंतु पुष्कळांना कॉलेजकडून दलाली मिळते, आणि ज्याला ज्या कॉलेजची दलाली तो त्याच कॉलेजचे गुण गाणार, हे बाजारात केळी विकणाऱ्या आपल्या लोकांना वेगळे सांगायला नको. कॉलेजचे नाव त्या त्या सरकारच्या मान्य यादीत आहे की नाही, हे घरबसल्या पाहता येते. ते मुलाने स्वतः पाहावे.

शेवटी तिसऱ्या प्रश्नाची दुसरी बाजू. 'परत जाणार का?' हे परकी अधिकारी मुलाला विचारतो. 'परत आल्यास त्याला जागा देणार का?' हे मात्र आपल्याला विचारले पाहिजे. आनंदीबाईंना कोल्हापूर संस्थानने इस्पितळात नेमणूक देऊ केली होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, ते काम हाती घेण्यापूर्वीच, त्या वारल्या. आंबेडकर १९१७ मध्ये करार पाळायला बडोद्याला गेले, तर कोलंबियाच्या त्या पंडिताला जातीमुळे त्या शहरात राहायला खोली मिळेना. करार त्यांनी मोडला नाही. तो आपल्या समाजाने मोडला. परतणाऱ्याला आपण घर, काम आणि मान देणार असू, तरच मुलाच्या तोंडचे 'मी परत येईन' हे वाक्य खरे वाटेल. अधिकाऱ्याला वाटेल आणि मुलालाही वाटेल.

या सभागृहात निवृत्त शिक्षक आहेत, रेल्वेच्या हिशेबखात्यात आयुष्य घालवलेली मंडळी आहेत, बँकेतली माणसे आहेत. गावच्या वाचनालयात आठवड्यातून एक संध्याकाळ अशा मंडळींनी बसावे आणि परदेशी जाऊ पाहणाऱ्या मुलांचे कागद वाचावेत. लिहून देऊ नयेत, फक्त वाचावेत आणि विचारावे, "बाळ, हे वाक्य तुझे आहे का? हा पैसा खरा आहे का? हे कॉलेज तू पाहिलेस का?" मुलाने सरळ उत्तर दिले की त्याची अर्धी मुलाखत इथेच पार पडली म्हणून समजावे. अर्ज मुलाचा मुलालाच लिहू द्यावा, चार चुका झाल्या तरी चालतील. आणि मग घरच्या वडीलधाऱ्यांनी तो एकदा शांतपणे बसून वाचावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.