दूरच्या मंडळींचा मेळावा
(महोत्सवाच्या पूर्वतयारी सभेत केलेले भाषण)



ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवानिमित्त देशोदेशी गेलेल्या आपल्या मंडळींचा दोन दिवसांचा मेळावा पांढुर्ण्यास भरवावा असे ठरले आहे. तो कसा भरवावा यावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली. आम्ही पेशाने शिक्षक. शाळेची स्नेहसंमेलने भरविता भरविता वीस वर्षे गेली, तेव्हा हे काम आम्हांस साधते असा आपला समज असेल. म्हणूनच आमच्या हातून झालेली एक चूक प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपण असाच एक दिवसाचा मेळावा भरविला होता. कार्यक्रमपत्रिका आमच्याच हातची होती. स्वागत, सत्कार, अहवाल, भाषणे, आभार. सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत एक मिनिटही आम्ही रिकामे ठेवले नव्हते, आणि त्याचा आम्हांस अभिमानही होता. त्या दिवशी सौंसरहून एक वृद्ध चाचा आले होते. त्यांच्या बाकावर बसून शिकलेले त्यांचे बाळमित्र कित्येक वर्षांनी जेद्द्याहून आले होते. मित्र पाहुणे म्हणून व्यासपीठावर, चाचा मागच्या रांगेत. जेवणाच्या पंक्तीही आम्ही वेगळ्या मांडल्या होत्या. परतीच्या बसची वेळ झाली तेव्हा चाचा आमच्याजवळ येऊन म्हणाले, "सर, दोन मिनिटं भेटू द्या न त्याले." आम्ही घड्याळाकडे पाहिले व म्हणालो, "चाचा, आभार झाले की भेटा." चाचा बसला निघून गेले. त्याच हिवाळ्यात ते वारले. जेद्द्याहून त्या मित्राचा फोन आला, "तो आला होता काय हो त्या दिवशी?" आम्हांस उत्तर देणे जड गेले.

तेव्हापासून एक गोष्ट आम्ही मनाशी बांधली आहे. माणसांना एकमेकांना भेटता यावे, एवढ्यासाठीच मेळावा असतो. बाकीचे सारे त्या भेटीची सोय.

आपल्या मुलखाला भेटीचे मोल निराळे शिकवावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. लेकी काटोल, नरखेड, वरुडला दिलेल्या; मधून राज्याची सीमा गेली. तरी लग्नाला, मयतीला, ईदेला, पोळ्याला माणसे जात-येत राहिली म्हणून सोयरीक टिकली. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले, तेव्हाही नाती होती तेथेच राहिली. आज अंतरे मोठी झाली आहेत. दोहा, दुबई, लंडन येथील आपली मुले रोज फोनवर बोलतात. परंतु सख्ख्या चुलत भावांनी एकमेकांस प्रत्यक्ष पाहिलेले नाही, अशी घरे याच सभागृहात आहेत.

हे काम इतरांनी कसे केले ते पाहू. अमेरिकेतील व कॅनडातील मराठी मंडळांची मिळून बृहन्महाराष्ट्र मंडळ ही संस्था १९८१ साली स्थापन झाली. तिचे पहिले अधिवेशन १९८४ साली शिकागोत भरले आणि पुढे दर दोन वर्षांनी अधिवेशन भरविण्याची प्रथा पडली. महामारीमुळे २०२१ चे अधिवेशन पुढे ढकलावे लागले. ते २०२२ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक सिटी येथे झाले व नंतरचे २०२४ साली सॅन होजेत. हजारो माणसांचा तो व्याप, आपले शे-दोनशे. तथापि त्यांच्या दोन गोष्टी आपणांस घेता येतील. प्रत्येक खेपेस एका गावचे मंडळ यजमानपण घेते, आणि स्वयंपाकघरापासून रंगमंचापर्यंतचा भार स्वयंसेवक उचलतात. निरनिराळ्या गावांचे लोक महिनोन्‌महिने एकत्र राबतात, म्हणजे मेळावा भरण्याआधीच ओळखी झालेल्या असतात.

आता तारखेचा प्रश्न. शनिवार-रविवार म्हटले की सर्वांना सुट्टी, असे आपण समजतो. परंतु सौदी अरबस्तानात २०१३ पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून शनिवार-रविवार, व शुक्रवारी अर्धा दिवस काम. तेव्हा शुक्रवारी जुम्याच्या नमाजानंतर आरंभ करून रविवारी दुपारी समारोप केला, तर कोणाची एक व कोणाची दोन दिवसांची रजा वाचेल. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, तेही पाहावे. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर तोडणीस येतात. त्या दिवसांत बागाइतदार घर सोडणार नाही. पोळा व त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार तर टाळलीच पाहिजे. जांब नदीवर दगड चालत असता पोलीस आणि दवाखाना दोन्ही त्यात गुंतलेले असतात. आम्हांस जानेवारीचा उत्तरार्ध बरा वाटतो. मात्र उत्तरेकडून येणाऱ्या गाड्या धुक्याने रखडतात, म्हणून त्या मंडळींनी एक दिवस आधी निघावे.

उतरण्याची सोय घरोघरी करावी. नागपूरच्या विमानतळापासून पांढुर्णा सुमारे १०० किलोमीटर. कोण कोणत्या वेळी उतरणार याची एकच वही असावी आणि ती एकाच माणसाच्या हाती असावी. परदेशी पासपोर्टचा पाहुणा ज्याच्या घरी उतरेल, त्याने त्याची माहिती २४ तासांच्या आत सरकारात नोंदवावी लागते. यजमानांस हे आधीच समजावून सांगावे.

पैशाच्या बाबतीत अधिक जपले पाहिजे. भारतीय नागरिक असलेल्या आपल्या मुलाने परदेशातील स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी कायद्याने परदेशी ठरत नाही. परंतु ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, त्याची देणगी परदेशीच, मग तो आपल्या पोटचा का असेना. ती घेण्यास सरकारची नोंदणी वा पूर्वपरवानगी लागते, व ती रक्कम दिल्लीच्या स्टेट बँकेतील ठरावीक खात्यातच यावी लागते. प्रेमाने पुढे केलेले पाकीट भिडेपोटी घेऊ नये. पंचवीस वर्षांची पुण्याई एका पाकिटाने अडचणीत येईल. शिष्यवृत्तीच्या निधीला हात न लावता मेळाव्याचा खर्च वर्गणीतून भागवावा व हिशेब पुढील सभेत मांडावा.

शेवटी कार्यक्रमाविषयी. भाषणे दोन दिवसांत मिळून एक तास. त्यात आमचे भाषण नको. सत्कार नको. पंगत एकच. आलेल्या प्रत्येकास काम द्यावे, मग तो डॉक्टर असो की इंजिनियर. कोणी वाढावे, कोणी सतरंज्या घालाव्यात. पाहुणा संकोचतो, कामाला लागलेला माणूस बोलू लागतो. मुलांना एक सकाळ घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर गावात हिंडू द्यावे. आजोबांची शाळा कोणती, आजीचे माहेर कोणते, एवढे त्यांनी पाहिले तरी पुष्कळ झाले. त्यांचे मराठी अडखळेल, अडखळू द्यावे. आणि शनिवारची दुपार पत्रिकेत कोरी ठेवावी. त्या वेळी कोणी ध्वनिक्षेपकास हात लावू नये. सौंसर व आसपासच्या खेड्यांतील वृद्धांना आणण्या-पोहोचविण्यास दोन गाड्या राखून ठेवाव्यात, म्हणजे बसच्या वेळेसाठी कोणास अर्ध्यावर उठावे लागणार नाही.

या गाड्यांचे काम कोणावर सोपवावे असा प्रश्न निघेल. ते आम्ही मागून घेत आहोत. एका चाचांचे आम्ही देणे लागतो.