कराची बंदर, वळिवड्याच्या बराकी आणि एक होडी

आज राळेगणसिद्धीतून बोलतोय. इथून समुद्र चांगलाच लांब. तरी विषय घेतलाय समुद्रातून जीव वाचवून येणाऱ्या माणसांचा, कारण त्यात आपलं कोल्हापूर दोनदा येतं.

आधी व्हॉट्सॲपवरची गोष्ट. पोलिश मुलांनी भरलेलं जहाज, कुणी उतरू देईना, शेवटी जामनगरच्या जामसाहेबांनी आसरा दिला. आसरा दिला हे अगदी खरं, जामनगरजवळ बालाचडीला. पण १९४२ मध्ये मुलांची पहिली तुकडी जहाजाने नाही, ट्रकने आली. अश्गाबातहून इराणमार्गे क्वेट्टा. हजारो किलोमीटरचे कच्चे रस्ते! मला तर खरी गोष्टच जास्त भारी वाटते.

जहाजाने आले ते नंतरचे. सोव्हिएत छावण्यांतून सुटून इराणला पोचलेल्या पोलिश लोकांपैकी बरेचजण बोटीने कराचीला उतरले, आणि तिथून रेल्वेने कोल्हापूरजवळ वळिवड्याला. १९४३ ते १९४८, जवळपास ५,००० माणसं. बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. नुसत्या बराकी नव्हत्या हो, शाळा होत्या, चर्च होतं. पाच वर्षं म्हणजे एका मुलाची अख्खी प्राथमिक शाळा.

ते गेले, आणि त्याच बराकीत सिंधी निर्वासित आले. फाळणीनंतर सिंधमधून कितीतरी कुटुंबं बोटीने मुंबईला आली होती. निघाली कुठून? कराचीहूनच. तेच बंदर, फक्त दिशा बदलली. आज आपण गांधीनगरला कापड घ्यायला जातो ना, ते वळिवड्याच्या कॅम्पातूनच उभं राहिलंय.

आता आजचं. भूमध्य समुद्रात अडकलेली माणसं सॅटेलाइट फोनवरून आपलं ठिकाण सांगतात. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे माझं लक्ष इथे जातं. समजा कुणी सांगितलं, "तेहतीस, चाळीस". हे ३३ अंश ४० मिनिटं, की ३३.४० अंश? दोन्हींत साधारण ३० किलोमीटरचा फरक पडतो. रबरी होडीत पाणी शिरत असताना ३० किलोमीटर! म्हणून फोन घेणारा माणूस तोच आकडा पुन्हा पुन्हा विचारतो.

पण होडी सापडली म्हणजे सुटलं असं नाही. बुडणाऱ्याला वाचवायचं, यावर समुद्राच्या कायद्यात वाद नाही. वाद सुरू होतो तो "उतरवायचं कुठे?" इथे. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही, आणि आपल्याकडे वेगळा निर्वासित कायदाही नाही. वळिवड्याच्या वेळीही नव्हता. तेव्हा कुणीतरी ठरवलं, एवढंच.

फेब्रुवारी २०२१ मध्ये अंदमानच्या समुद्रात रोहिंग्यांची होडी भरकटली, इंजिन बंद. आपल्या तटरक्षक दलाने ती शोधली. ८१ जण जिवंत, ८ मृतदेह. अन्न, पाणी, औषधं दिली. हे काम चोख झालं आणि ते मी कमी लेखणार नाही. पण आपण त्यांना किनाऱ्यावर घेतलं नाही, बांगलादेशनेही घेतलं नाही. आपल्या पाथर्डीकडचे ऊसतोड मजूर ट्रकने जातात, पण पट्टा पडला की परत यायला गाव असतं. यांना उतरायलाच जागा नव्हती.

जूनमध्ये ती माणसं इंडोनेशियातल्या आचेच्या किनाऱ्याला लागली. निघून जवळपास चार महिने झाले होते.