खोडीच्या घोड्याचे मोल



व्यवहारातील न्याय हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. मात्र त्याची चर्चा मी एका घोड्याच्या सौद्यापुरतीच करणार आहे. घोडाही साधा नव्हे, खोडीचा. बुजणारा, अडणारा, लाथा झाडणारा. अशा जनावराची रास्त किंमत कोणती?

आपल्या भाषेने या प्रश्नाला दोन परस्परविरुद्ध उत्तरे देऊन ठेवली आहेत. ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ हे एक. ते खरे मानले, तर गिऱ्हाइकाने हवा तेवढा भाव पाडावा. दुसरे उत्तर लहानपणी ऐकलेल्या कोड्यात आहे : भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? न फिरवल्यामुळे. येथे दोष जनावराच्या रक्तातला न राहता मोतद्दाराच्या आळसातला ठरतो आणि किंमत चांगल्या घोड्याच्या जवळ जाते. बाजारात विकणारा नेहमी कोड्याच्या बाजूने बोलतो आणि घेणारा म्हणीच्या!

तेव्हा किमतीआधी खोडीचे कारण शोधले पाहिजे. बुजणे बहुधा भीतीचे असते, अडणे सवयीचे. चावणे-लाथाळणे कित्येकदा निव्वळ दुखण्याचे. तंग काचतो, पाठ लागलेली असते, दात बोचत असतो. इ.स.पू. चौथ्या शतकातील ग्रीक लेखक झेनोफन याने अश्वविद्येवर लिहिताना सांगितले आहे की, स्वार पाठीवर असता घोडा इतर घोड्यांना सोडून जाण्यास राजी होतो की नाही, हे विकत घेणाऱ्याने पाहावे. मी त्यात एवढीच भर घालीन की, घोडा ठाणावरून सोडतानाच पाहावा, खोगीर विकणाऱ्याला घालू द्यावे आणि पहिली मांडही त्यालाच टाकू द्यावी. सकाळभर दौडवून दमवलेला घोडा दुपारी कोणालाही गरीब गाय वाटतो.

आपल्या स्मृतिकारांनी हा विचार फार बारकाईने केला होता. याज्ञवल्क्याने ओझे वाहणाऱ्या जनावरांच्या परीक्षेसाठी पाच दिवसांची मुदत दिली आहे. (त्या स्मृतीवरील ‘मिताक्षरा’ विज्ञानेश्वराने जेथे लिहिली, ते चालुक्यांचे कल्याण म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण.) निर्दोष म्हणून दाखवून सदोष वस्तू देणाऱ्याने दुप्पट मूल्य द्यावे आणि वर तितकाच दंड भरावा, असे नारद सांगतो, पण पारखून, पसंत करून घेतलेली वस्तू परत करता येत नाही, असेही तोच बजावतो. म्हणजे खोड सांगण्याची जबाबदारी एकाची आणि पारखण्याची दुसऱ्याची.

परंतु माळेगावच्या यात्रेत किंवा सारंगखेड्याच्या बाजारात पाच दिवस थांबणार कोण? बाजार उठला की विकणारा पांगतो. मग ती जोखीम किमतीतच धरावी लागते. केवळ उदाहरणादाखल समजा, त्याच जातीच्या, त्याच वयाच्या सालस घोड्याला १ लाख रुपये पडतात आणि खोड न गेल्यास हाच घोडा २० हजारांचा. चाबूकस्वाराचा पगार व चार महिन्यांचा दाणावैरण मिळून ३० हजार. सुधारण्याची आशा तिनांत दोन. दोन्ही शक्यतांचे वजन धरता घोडा सुमारे ७३ हजारांचा. खर्च वजा जाता ४३ हजार. घेणारा स्वतःच चाबूकस्वार असला, तरी त्याच्या मेहनतीचे पैसे वजा झालेच पाहिजेत. ‘तुम्हाला काय, चार दिवसांत सरळ कराल’ ही स्तुती फुकट राबवून घेण्याची युक्ती आहे. उलट, खोड दुखण्याची आहे आणि औषधाने जाईल हे आपल्याला कळले असूनही म्हणीचा आधार घेऊन २० हजारच देणे, हे मला लबाडीचे वाटते. येथे मतभेद होईल. पारखीचा मोबदला पारख्याला मिळावा, असे म्हणणारे आहेत. तो मिळावाच, पण सगळा नव्हे.

या प्रश्नाचा सर्वांत प्रसिद्ध सौदा मॅसिडोनियात झाला. थेसलीच्या फिलोनायकसने ब्युसेफलस नावाचा घोडा फिलिप राजापुढे आणला आणि १३ टॅलेंट मागितले. एक टॅलेंट म्हणजे सुमारे २६ किलो चांदी. हा आकडा सुमारे चार शतकांनंतर लिहिणाऱ्या प्लुटार्कचा आहे, तेव्हा तो थोडा सांभाळूनच घ्यावा. घोडा कोणालाही जवळ येऊ देईना. फिलिपने चिडून त्याला परत नेण्यास सांगितले. माझ्या मते राजाचे चुकले नाही. विकणाऱ्याने खोडीचे कारण सांगितले नव्हते आणि मागणी मात्र सालस घोड्याचीसुद्धा नव्हे, अपूर्व घोड्याची होती. आपल्याच सावलीला तो बुजतो, हे कोवळ्या अलेक्झांडरने हेरले आणि त्याचे तोंड सूर्याकडे वळवले. तोवर त्याने पैज मात्र लावून ठेवली होती : वश झाला नाही, तर घोड्याची पूर्ण किंमत मी भरीन. त्या मैदानात जोखमीचे मोल स्वतःच्या पदरातून द्यायला तयार झालेला तो एकटाच होता. पुढे इ.स.पू. ३२६ मध्ये पोरसाशी झालेल्या युद्धानंतर तो घोडा गेला, तेव्हा झेलमच्या काठी अलेक्झांडरने त्याच्या नावाचे नगर वसवले.