सॅम्पल कुठून घेतलं?

आज पदवी घेणाऱ्या माझ्या लेकरांनो,

ओळख करून देताना सरांनी माझ्यासाठी 'पर्यावरणतज्ज्ञ' असा शब्द वापरला. त्यांचा मान राखून दुरुस्ती करते. मी केमिस्ट आहे. जन्मभर पाणी तपासलं. बाटली भरायची, बर्फात ठेवायची, लॅबला न्यायची, आकडा काढायचा आणि खाली सही करायची, एवढंच माझं काम. त्या सहीबद्दल बोलायचं म्हणूनच आज आले. सुरुवात एका खोट्या सहीपासून करते. ती माझीच आहे.

1988 साली मी बीएस्सी झाले. आपल्या विद्यापीठाचा नामविस्तार अजून व्हायचा होता. आम्ही चिकलठाण्याचेच, त्यामुळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली तेव्हा घरात पेढे वाटले होते. कारखान्याचं नाव सांगत नाही, ते आता महत्त्वाचं नाही. तिसऱ्या की चौथ्या महिन्यात सांडपाण्याचं सॅम्पल घ्यायची पाळी माझ्यावर आली. मी बाटली घेऊन शेवटच्या चेंबरपाशी गेले तर आमचे वरिष्ठ म्हणाले, थांब जरा. त्यांनी माणसाला हाक मारली, बोअरच्या पाण्याचा पाइप चेंबरमध्ये सोडला, वीस मिनिटं आम्ही चहा प्यालो आणि मग ते म्हणाले, आता भर. सीओडीची, म्हणजे पाण्यातल्या घाणीच्या एका मापाची, मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम, आमचा आकडा आला दोनशेच्या आत. टायट्रेशन मी अगदी नीट केलं होतं. ब्युरेट दोनदा वाचली. आकड्यात काडीची चूक नव्हती. मी सही केली.

माझ्या मावशीचं शेत सुखना नदीच्या काठी, गावाच्या खालच्या अंगाला. तिच्या विहिरीचं पाणी त्या सुमारास बिघडलं होतं. तपासणीबिपासणी तिला माहीत नव्हती, पण तिच्याकडे तिच्या पद्धती होत्या. तुरीची डाळ शिजेना, दोन दोन तास चुलीवर ठेवली तरी दाणा कच्चा. गाय डोणीत तोंड घालायची, फुरफुरायची आणि मागं सरायची. पातेल्याच्या काठाला तपकिरी कडं धरायचं, राखेनं घासलं तरी निघायचं नाही. एक दिवस मावशीनं मला तांब्याभर पाणी दाखवलं आणि विचारलं, "तू हेच शिकलीस ना ग, सांग की काय आहे यात?" मी काहीतरी 'हार्डनेस वाढलाय' असं पुटपुटले. ते खरंही होतं. कारखान्यांच्या रांगेतल्या नेमक्या कुठल्या चेंबरमधलं पाणी तिच्या विहिरीत मुरलं हे मला कधीच सिद्ध करता आलं नसतं, हेही खरं. पण माझ्या अहवालावरून कुणी शोधायला निघालं असतं, तर तो माणूस माझ्या सहीपाशी येऊन परत फिरला असता.

वर्षभरात मी ती नोकरी सोडली. मोठं काही केलं म्हणून सांगत नाही. तक्रार केली नाही, कुणापुढे तोंड उघडलं नाही, फक्त सोडली. पुढे सगळीकडे एकच सवय ठेवली: आकडा विचारण्याआधी विचारायचं, सॅम्पल कुठून घेतलं?

आता तुमच्या ओळखीच्या गोष्टीकडे येते. फेब्रुवारी 2018 मध्ये तुमच्यातले बरेचजण शाळेत असतील. तेव्हाचा शहराचा वास आठवतो का? इथून हाकेच्या अंतरावर नारेगाव. तीसएक वर्षं सगळ्या शहराचा कचरा तिथं येऊन पडत होता. डोंगर झाला होता, त्याला आग लागायची, धूर चिकलठाण्यापर्यंत यायचा, आणि पावसाळ्यात खालून जे काळं पाणी झिरपायचं त्याला आमच्या भाषेत लिचेट म्हणतात, गावात त्याला नाव नव्हतं. विमानतळापासून 20 किलोमीटरच्या आत कचराभूमी नसावी असं नियम सांगत होते, कारण कचऱ्यावर पक्षी येतात. आपलं विमानतळ इथंच आहे, डोळ्यांनी दिसतं. नियमाची बाटलीही कुणीतरी सोयीच्या जागेवरून भरली होती म्हणायची.

2017 च्या दिवाळीआधी नारेगाव, मांडकी, गोपाळपूर आणि पंचक्रोशीतल्या गावांनी गाड्या अडवल्या. मुदत मागितली गेली, गावांनी दिली. मुदत संपली, काही झालं नाही. मग फेब्रुवारीत माणसं पुन्हा रस्त्यावर बसली आणि उठलीच नाहीत. मी दोनदा गेले होते. बाया भाकरी बांधून आणत, पालाखाली बसत, कचऱ्याची गाडी लांबून दिसली की एकदम उठत. घोषणा फार नव्हत्या. मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठानं नारेगावला कचरा टाकायला बंदी केली. गावं जिंकली.

आणि शहरात रोजचा चारशे टनांच्या आसपासचा कचरा रस्त्यावर साचत गेला.

कारण नारेगावनं 'इथं नाही' म्हटल्यावर शहराला सुचलं ते एवढंच की दुसरं नारेगाव शोधावं. कचऱ्याच्या गाड्या मिटमिट्याकडे वळल्या. तिथल्या लोकांनीही अडवल्या, 7 मार्चला दगडफेक झाली, लाठ्या चालल्या, घराघरांतून माणसं ओढून काढली गेली, प्रकरण विधानसभेत गेलं. मला त्या दिवसांत राहून राहून वाटायचं, मिटमिट्याची चूक काय? नारेगाव बोललं तेच ते बोलत होते. प्रत्येक गाव रास्त बोलत होतं आणि 'मग कुठं?' हा प्रश्न गाडीत बसून गावोगाव फिरत होता.

नियम तर आधीच होता. 2016 च्या घनकचरा नियमांत साफ लिहिलं होतं की ओला-सुका घरातच वेगळा करायचा. पण घंटागाडी आली की सगळं एकाच पिशवीत, आणि पिशवी नजरेआड झाली की कचरा संपला असं आपण धरून चाललो होतो. नारेगावच्या बायांनी शहराला पहिल्यांदा आपल्याच दारातला कचरा बघायला लावला. पुढे प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. चिकलठाणा आणि पडेगावला प्रत्येकी दीडशे टनांची, कांचनवाडीत ओल्या कचऱ्यापासून गॅस. बघा, त्यातलं एक मोठं केंद्र पुन्हा आपल्याच बाजूला आलं. मला त्याचा राग आहे की नाही हे मला ठरवता येत नाही. केंद्र नीट चाललं तर शेजारी म्हणून माझी हरकत नाही. नीट चालतंय की नाही हे ठरवणारा माणूस कोण, तो सॅम्पल कुठून घेतो, तिथं माझं लक्ष आहे. त्या खुर्चीवर उद्या तुमच्यातलं कुणीतरी बसणार आहे.

महाराष्ट्राला आणि शेजारच्या गोव्याला 'नाही' म्हणण्याची परंपरा जुनी आहे. 1921 साली मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पडले, तुरुंगात गेले. धरण झालं, भातखाचरं बुडाली. गोव्यात सत्तरच्या दशकात ट्रॉलरनी किनाऱ्याजवळची मासळी ओरबाडायला सुरुवात केली तेव्हा रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे पारंपरिक मच्छीमार, समुद्रकाठी उभे ठाकले, आणि त्या लढ्यानंतर 1980 मध्ये मासेमारीचा कायदा झाला. नारेगावच्या बाया रस्त्यावर होत्या त्याच फेब्रुवारीत, सात तारखेला, सर्वोच्च न्यायालयानं गोव्यातले 88 खाणपट्टे रद्द केले. तिथंही दुसऱ्या दिवसापासून तोच प्रश्न होता. खाणीवर ट्रक चालवणाऱ्यानं आता काय करायचं?

पण मला तुम्हाला सांगायची आहे ती डहाणूची गोष्ट, कारण तिच्यात घोषणा कमी आणि तुमच्यासारख्यांचं काम जास्त आहे. डहाणू म्हणजे चिकूच्या वाड्या, वारल्यांचे पाडे, समुद्र, आणि मधोमध कोळशावर चालणारं औष्णिक वीज केंद्र. स्थानिक माणसं कोर्टात गेली. 1991 मध्ये केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला आणि 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून एक प्राधिकरण बसलं. अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. 2019 मध्ये ते वारले, तोवर हे काम त्यांनी सोडलं नाही. या प्राधिकरणानं 1999 मध्ये वीज केंद्राला सांगितलं, चिमणीतला गंधक पकडणारं यंत्र बसवा. ते बसलं 2007 मध्ये.

आठ वर्षं. या आठ वर्षांत मोर्च्याचा फोटो निघावा असं फारसं काही नव्हतं. सुनावणी, तारीख, अहवाल, पुन्हा तारीख. यंत्र कुठलं घ्यायचं, जागा कुठली, खर्च किती, पैशाची हमी कोण देणार. कुणीतरी हवेतला आकडा मोजत होतं, कुणीतरी तो खोडत होतं, तिसरं कुणीतरी पुन्हा मोजत होतं. आंदोलनाला निकाल मिळतो तो असा, टेबलावर, आणि तोही उशिरा. तुम्ही आज शेंद्र्याला, वाळूजला, पुण्याला नोकरीला जाल तेव्हा त्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसाल. रस्त्यावर बसलेल्या बाईला तुमचं नाव माहीत नसेल. तिची सगळी भिस्त मात्र तुमच्या कागदावर असेल.

खाम नदीचं तुम्ही ऐकलंच असेल. पाणचक्कीला वळसा घालून जाणारी ही नदी आमच्या तरुणपणी नाला म्हणूनच ओळखली जायची; पुलावरून जाताना रुमाल नाकाला. 2021 च्या सुमारास महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक आणि इकोसत्त्व या मंडळींनी तिच्यात उतरून काम सुरू केलं. गाळ काढला, कचरा अडवायला जाळ्या लावल्या, काठ मोकळे केले, झाडं लावली. जगभरातल्या शहरांसाठी असलेल्या डब्ल्यूआरआय रॉस पारितोषिकाच्या अंतिम फेरीत हे काम पोचलं. कौतुक करावं असंच आहे, मी करते. पण सुशोभित काठावर संध्याकाळी फिरायला गेले तरी माझी नजर पाण्याकडेच जाते, धंद्याची सवय.

आणि या पाण्याचा प्रवास तुम्ही नकाशावर एकदा बोटानं काढा. खाम जाते गोदावरीला, म्हणजे आपल्या नाथसागराला. नाथसागरातून फारोळ्याला पाणी येतं, तिथं शुद्ध होतं, नक्षत्रवाडीला येतं आणि तिथून आपल्या टाक्यांत, तेही दिवसाआड नाही, कितीतरी दिवसांआड. धरण खाली, शहर वर. विजेचं मोठं बिल भरून आपण उलटं पाणी चढवतो. म्हणजे आपण जे खाममध्ये सोडतो त्याच्याच दिशेनं पाइप टाकून पुन्हा पाणी मागतो. मलिक अंबरनं 1610 मध्ये हे शहर वसवलं आणि पुढे जमिनीखालून नहर खणून डोंगराचं पाणी उतारानं आणलं, कुठलीही मोटार न लावता. त्याला पुढारलेला म्हणावं की आपल्याला, हे आर्किटेक्चरच्या मुलांनी ठरवावं.

खामला निदान वाली मिळाला. सुखना आपली, पूर्वेकडची, कारखान्यांच्या आणि शेतांच्या मधून जाणारी. तिच्या काठाला पंचतारांकित काही नाही, म्हणून फोटोही कमी. मावशी गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिची विहीर अजून आहे, वापरात नाही, त्यात पिंपळ उगवलाय. गेली सात वर्षं मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सुखनेचं चार जागांवर पाणी भरते: गावाच्या वर, वसाहतीच्या खाली, कचरा केंद्राच्या पुढे आणि मावशीच्या शेतापाशी. कुणी सांगितलं नाही, कुणी मागत नाही. वहीत तारीख, वेळ, जागा, वास, रंग, आकडा. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर 1988 च्या त्या चेंबरबद्दल लिहून ठेवलंय, पाइपसकट. वह्या तीन झाल्या. माझे गुडघे आता काठाचा उतार उतरू देत नाहीत, म्हणून पुलावरून दोरानं बाटली सोडते, आणि पुलावरून भरलेलं पाणी काठावरच्या पाण्यासारखं नसतं, हे मला कुणी शिकवायला नको.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी सुखनेच्या पुलावर असेन. बाटल्या आणि बर्फाची पेटी माझ्याकडे आहे. ज्यांना यायचंय त्यांनी जुनी चप्पल घालून यावं, काठ घसरडा आहे. आणि एक लांब दोर आणा, माझा झिजलाय.