परदेशातून आलेला चेक

आपल्या सटाणा-बागलाणातल्या कुणाचा मुलगा, कुणाची लेक परदेशात नोकरीला असते. तिथून आईच्या नावाने पौंडांचा चेक आला, तर काय करायचं?

आधी शाखेत विचारा; प्रत्येक शाखा असा चेक घेत नाही. घेतलाच, तर तो वसुलीसाठी तिकडच्या बँकेकडे जातो. त्यात कित्येक आठवडे जाऊ शकतात. इकडची बँक खर्च कापते, तिकडचीही कापू शकते. म्हणून या चेकच्या भरवशावर गटाचा हप्ता किंवा कांदा लागवडीची मजुरी कबूल करू नका.

चेकवरचं आणि पासबुकावरचं नाव एकच हवं. एकीकडे माहेरचं, दुसरीकडे सासरचं असलं की काम अडतं. चेक भरल्याची पावती जपून ठेवा.

त्यापेक्षा मुलांना थेट खात्यावर पैसे पाठवायला सांगा. त्यासाठी खाते क्रमांक आणि बँकेचा स्विफ्ट कोड शाखेतून लिहून घ्या.

अनोळखी माणसाने चेक पाठवून ‘थोडे पैसे परत करा’ म्हटलं, तर साफ नाही म्हणा. खात्यात जमा दिसलेली रक्कमसुद्धा चेक वटला नाही तर परत जाते, आणि आपण दिलेले पैसे बुडतात.

आणि गटाच्या नावाने परदेशी संस्थेची देणगी आली, तर ती तशीच भरू नका. त्याला एफसीआरए कायद्याखाली केंद्र सरकारची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. अशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावी लागते.

गटाच्या पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना सांगा.