आखाजीची गाणी वहीत उतरवू या

(शिंदखेडा येथे प्रौढ साक्षरांच्या वर्गापुढे केलेले भाषण)



चैत्र सरत आला आहे. बुराई नदीचे पात्र कोरडे पडले आहे. शेतातील कामे उरकली आहेत. निंबाला पांढरा मोहोर आला आहे आणि त्याचा वास रात्री अंगणात येतो. आंब्याच्या कैऱ्या भरल्या आहेत. आता घरोघर एकच बोलणे, आखाजी कधी?

पुस्तकात या सणाला अक्षय तृतीया म्हणतात. वैशाख शुद्ध तृतीयेचा हा सण. आपण आखाजी म्हणतो. पंचांगात तो एक दिवस आहे. आपल्या खानदेशात मात्र त्याच्याभोवती सारा वसंत फिरतो. सालदाराचे साल याच वेळी पुरे होते आणि नवे साल ठरते. पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज ठेवतात. आमरस, पुरणपोळी, सांजोऱ्या, कुरडया होतात. पुरुषमंडळी काय करतात ते सांगायला नको. पारावर पत्ते घेऊन बसतात. त्याविषयी पुन्हा कधीतरी बोलू.

पण आखाजी खरी लेकीबाळींची. मुराळी जातो आणि लेकीला घेऊन येतो. घरी गौराई बसलेली असते. टोपलीत माती घालून गहू पेरतात, त्याचे पिवळे कोवळे अंकुर वर येतात. गावातल्या निंबाला झोका बांधतात. मग गाणी सुरू होतात. झोक्यावर एक, दोर धरायला दोघी, आणि भोवती पाचदहा जणी.

आज आम्हांला या गाण्यांविषयी बोलायचे आहे.

ही गाणी कोणी केली? कोणालाच माहीत नाही. आजीने आईला दिली, आईने लेकीला दिली. त्यांत शंकर आहे, गौराई आहे. सासू आहे, नणंद आहे, न्यायला न आलेला भाऊ आहे. आपल्या घरातल्या बाईला जे तोंडावर बोलता येत नव्हते, ते तिने झोक्यावर बसून साऱ्या गावाला ऐकवले. ऐकणाराने रागावायचे नाही. गाणेच ते! नदीच्या दोन काठांवर उभ्या राहून दोन गावच्या पोरी एकमेकींना गाण्यांतून शिव्या देत, त्याही अशाच.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. गाणे कामाच्या आधाराने जगते. पहाटे जाते फिरत होते, तोवर जात्यावरच्या ओव्या होत्या. गावात पिठाची गिरणी आली. बाईचे कष्ट वाचले, हे फार चांगले झाले. जाते पुन्हा ओढा असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण जाते थांबले तशी ओवीही थांबली. जिने ऐकली होती तिला ती येते, तिच्या नातीला येत नाही.

आखाजीचे गाणे झोक्याच्या आधाराने जगते. झोक्याला निंब लागतो. निंबही कसा? आडवी, जाड, माणसाचे वजन सोसणारी फांदी असलेला. असे झाड वाढायला कितीतरी वर्षे लागतात आणि तोडायला एक सकाळ पुरते. रस्ता रुंद झाला, घर वाढवले, की पहिला घाव त्याच्यावर. तुमच्या गावात झोका बांधण्याजोगे किती निंब उरले आहेत, ते घरी जाताना मोजा.

दुसरे असे, की लेकींचे राहणेच कमी झाले. पूर्वी लेक आली म्हणजे पुष्कळ दिवस राहत असे. आता कोणी सुरतेला आहे, कोणी उधन्याला. तापी काठच्या रेल्वेने शनिवारी यायचे आणि रविवारी रात्री परतायचे. मुलांची परीक्षा, नवऱ्याची पाळी. त्यांना दोष कसा द्यावा? पण दोन दिवसांत नवे गाणे तोंडात बसत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे. तुम्हांला आता लिहिता येते. सहीपुरती अक्षरे शिकून थांबू नका. आपल्या घरातली गाणी वहीत उतरवा.

बहिणाबाई चौधरींचे नाव तुम्ही ऐकले आहे. त्या १८८० साली जळगावजवळ असोद्याला जन्मल्या. शेतकऱ्याघरची बाई. त्यांना अक्षर येत नव्हते. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी रचीत. आखाजीवरही त्यांचे गाणे आहे. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि घरची माणसे यांनी ती गाणी लिहून घेतली. बहिणाबाई १९५१ साली वारल्या. १९५२ साली पुस्तक निघाले. आचार्य अत्र्यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. सगळा महाराष्ट्र थक्क झाला. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव दिले गेले. जेवढी गाणी कागदावर आली, तेवढीच आपल्याला मिळाली.

साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. त्यांनी बायकांच्या ओव्या जमवल्या आणि ‘स्त्रीजीवन’ या नावाने छापल्या. पुढे पुण्याला हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून अधिक भरल्या! एकेका बाईपाशी बसून त्या लिहून घेतल्या.

कोणी म्हणेल, आमची गाणी अहिराणी, ती कशी लिहायची? अहो, अक्षरे तीच. शाळेत ‘डोळा’ म्हणतात, घरी आपण ‘डोया’ म्हणतो. तर ‘डोया’च लिहा. ‘आभाय’ ऐकू आले तर ‘आभाय’ लिहा. ते चूक नाही. इंग्रजांच्या अमलात ग्रियर्सन नावाच्या विद्वानाने देशातल्या बोलींची पाहणी केली. १९०७ साली छापलेल्या त्याच्या खंडात खानदेशी बोलीचे नमुने आहेत. परक्या माणसाला आपली बोली लिहावीशी वाटली, मग आपणच का लाजावे?

लिहिताना एक अडचण येईल. गाणे पुढे धावते आणि हात मागे राहतो. म्हणून पहिल्या वेळी वही मिटून पुरे गाणे ऐका. गाणारीला मध्ये अडवू नका. अडवले की तिची ओळ तुटते आणि ती म्हणते, जाऊ दे माय, नाही आठवत. दुसऱ्या वेळी ओळ ओळ करून घ्या. नुसते बसून आठवत नसेल, तर तिला झोक्यापाशी न्या. झोका हलू लागला की ओळ आपोआप येते.

शेजारीण तेच गाणे वेगळे म्हणाली तर भांडू नका. दोन्ही लिहा. जुना शब्द कळला नाही तर तिलाच अर्थ विचारा आणि बाजूला मांडा. शिव्यांची गाणीही गाळू नका. हसू येईल, येऊ द्या. सासूच्या गाऱ्हाण्याची गाणी मात्र सासू घरात नसताना घ्यावीत, हे बरे.

मोबाइलमध्ये आवाज भरून ठेवता येतो. तोही जरूर भरा, चाल कागदावर उतरत नाही. पण मोबाइल पडतो, बिघडतो, विकला जातो. आणि कोणाचा आवाज, कुठल्या गावचा, हे त्यात कोणी सांगत नाही. म्हणून प्रत्येक गाण्याखाली चार गोष्टी लिहा. गाणारीचे नाव, माहेरचे गाव, सासरचे गाव, आणि साल. नाव लिहिण्यापूर्वी तिला विचारा. ती नको म्हणाली तर गावच तेवढे लिहा.

आखाजीला अजून काही दिवस आहेत. म्हाताऱ्या बायांकडे आधी जा, तरण्याताठ्यांकडे मागून गेलात तरी चालेल. वही शंभर पानी घ्या. शाई पाण्याने पसरते, म्हणून पेन्सिलीने किंवा बॉलपेनाने लिहा. लिहिलेली वही धान्याच्या कोठीवर ठेवू नका, तिथे उंदीर असतात. पत्र्याच्या पेटीत ठेवा. आखाजी झाल्यावर गौराई बोळवली की पुढच्या वर्गाला वह्या घेऊन या. एकमेकींची गाणी वाचून दाखवू.